धागा आत शिरण्याआधी: नव्याने थ्रेड लिफ्ट करणाऱ्यांसाठी चेहऱ्याचा नकाशा

कार्यशाळा दोन दिवसांची असते. पहिल्या दिवशी स्लाइड्स, दुसऱ्या दिवशी दोन-तीन मॉडेल, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. सोमवारी नागपुरात धंतोलीतल्या किंवा रामदासपेठेतल्या आपल्या क्लिनिकमध्ये पहिली पेशंट समोर बसलेली असते आणि हातात पीडीओच्या धाग्याचं पाकीट असतं. हा लेख त्या सोमवारसाठी आहे.

तो स्किन किंवा प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण पुरं केलेल्या नव्या डॉक्टरांसाठी लिहिते आहे. ज्यांना स्वतःच्या चेहऱ्यावर हे करून घ्यायचं आहे त्यांनीही वाचावा. डॉक्टरला नेमकं काय विचारायचं ते कळेल. पार्लरमध्ये खुर्ची मागे टेकवून धागे टाकणाऱ्यांसाठी मात्र इथे काहीच नाही. त्यांनी हे काम करूच नये.

थोडक्यात प्रकार असा: पॉलिडायॉक्सनोन, म्हणजे पीडीओ, हे शस्त्रक्रियेतल्या टाक्यांसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं, शरीरात विरघळणारं द्रव्य. त्याच्या धाग्याला बारीक काटे कापलेले असतात, त्यांना कॉग म्हणतात. धागा कॅन्युलात, म्हणजे बारीक पोकळ नळीत, भरलेला येतो. कानशिलापाशी किंवा कानापुढे छिद्र पाडून कॅन्युला त्वचेखालून जबड्याच्या दिशेने न्यायची, बाहेर काढायची. धागा आत राहतो, काटे ऊतींना पकडतात, आपण ओढून लोंबलेला भाग वर बसवतो. धागा साधारण सहा ते आठ महिन्यांत विरघळतो, उचल त्यापेक्षा थोडी जास्त टिकते. पेशंटला 'दहा वर्षं तरुण' वगैरे सांगू नका.

फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भर देणारी जेल, शिकून धाग्याकडे येणाऱ्यांची एक सवय मोडावी लागते. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर चुकलं तर हायल्युरॉनिडेज टोचून ते विरघळवता येतं. धाग्याला असा उतारा नाही. चुकलेला धागा छिद्रातून हुकने शोधून ओढून काढावा लागतो, आणि काटे रुतलेले असले की तो सुखासुखी येत नाही. म्हणून इथली सगळी सावधगिरी आधीच घ्यायची असते. ती एकाच गोष्टीभोवती फिरते: खोली. कॅन्युला गालावर कुठे आहे हे कुणालाही दिसतं. ती कितव्या थरात आहे हे फक्त तुम्हाला कळलं पाहिजे.

आधी संत्रं सोला

चेष्टा नाही. काटोल-नरखेडकडचं एक चांगलं पिकलेलं संत्रं घ्या आणि हळू सोला. आपल्या संत्र्याची साल सुटी असते, म्हणून अंगठा घातला की ती फोडींपासून अलगद निघते. पण नीट बघा, अलगद सगळीकडे निघत नाही. साल आणि फोडी यांच्यात पांढऱ्या रेषांचं जाळं असतं, देठापाशी तर साल घट्ट चिकटलेली असते आणि तिथे जोर लावला की फोड फुटून हाताला रस लागतो. आता मोसंबी सोलून बघा. साल आणि गर यांत पोकळीच नाही.

चेहऱ्यात ही दोन्ही फळं शेजारी शेजारी आहेत. बाहेरून आत पाच थर मोजा. पहिला त्वचा. दुसरा त्वचेखालची चरबी. तिसरा स्मॅस, म्हणजे स्नायू आणि तंतूंचा एकसंध पडदा. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी त्याचं वर्णन केलं आणि फेसलिफ्टचं शास्त्र बदललं. चौथा थर सैल: मोकळ्या जागा, आणि मधे मधे त्वचेला हाडाशी किंवा खोल पडद्याशी बांधून ठेवणारे बंध. पाचवा, हाडाचं आवरण किंवा चावण्याच्या स्नायूवरचा पडदा.

चेहऱ्याचे हावभाव घडवणारी फेशियल नर्व्ह कानामागून निघते, पॅरोटिड या लाळग्रंथीच्या आत फुटते आणि तिच्या फांद्या गालात तिसऱ्या थराच्या खालून जातात. नवख्याने दुसऱ्या थरात राहायचं ते यासाठी. त्वचेला पडलेली खळी नंतर सुधारता येते, वाकडं झालेलं हसू सुधारेलच असं नाही. दुसऱ्या थरात चरबी दाणेदार असते आणि कॅन्युलाला सतत सारखा, थोडा करकरीत विरोध होतो. चौथ्या थरात कॅन्युला लोण्यातून सुरी जावी तशी सरकते. नव्या डॉक्टरला वाटतं, वा, किती छान चाललंय! तिथेच थांबायचं. छान चाललंय याचा अर्थ तुम्ही खोल गेला आहात.

जिथे अचानक अडतं तिथे बंध असतो. गालाच्या हाडापाशी ट्रॅगसच्या, म्हणजे कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याच्या, साधारण चार-साडेचार सेंटीमीटर पुढे असा एक दणकट बंध आहे. त्याच्या आसपास नर्व्हची फांदी आणि छोटी धमनी असते. अडलं म्हणून रेटा देऊ नका. मागे या, टोक थोडं वर घ्या, पुन्हा जा. संत्र्याच्या देठापाशी अंगठा कसा वागतो ते आठवा.

संत्र्यानंतर कातडीसकट कोंबडीची तंगडी आणून त्यावर रिकामी कॅन्युला चालवा, आणि मग सुरीने उघडून बघा ती कुठून गेली. पहिल्या पाच-सहा वेळा ती तुम्हाला वाटतं त्याहून खोल गेलेली दिसेल. आणि जमेल त्याने मेडिकल, मेयो (ही नागपुरातली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) किंवा मिहानमधल्या एम्सच्या शरीररचनाशास्त्र विभागात रीतसर परवानगी काढून अर्धा चेहरा तरी पुन्हा उलगडून बघावा. पहिल्या वर्षाला आपण ते परीक्षेसाठी पाहिलेलं असतं, म्हणजे पाहिलेलं नसतंच.

कुणाला नाही म्हणायचं

हे लवकर आटपते, कारण यादी पाठ असतेच: गरोदरपण, चेहऱ्यावर चालू संसर्ग किंवा पिकलेले पुरळ, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, केलॉइडची, म्हणजे जखमेचा व्रण फुगून वाढण्याची, प्रवृत्ती, ताब्यात नसलेली साखर. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ती बंद करण्याचा निर्णय तुमचा नाही, तिच्या हृदयरोगतज्ज्ञाचा. आधी फिलर घेतलं असेल तर कुठे आणि केव्हा घेतलं ते विचारा.

पण आपल्याकडच्या दोन गोष्टी छापील फॉर्मवर नसतात. एक सिकलसेल, रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात तो आहे, आणि मे महिन्यात उपाशीपोटी, घामाघूम होऊन, घाबरून आलेल्या सिकलसेलच्या पेशंटवर हौसेची प्रक्रिया सुरू करणं बरोबर नाही. नुसतं विचारून सोडू नका, घरात कुणाला आहे का तेही विचारा.

दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. 'खाता का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही मॅडम, फक्त जेवल्यावर थोडासा." म्हणून मी विचारत नाही, तोंड उघडायला सांगते. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल, तर ते सबम्युकस फायब्रोसिस असू शकतं. हा गाल आतून कडक झालेला असतो, थर एकमेकांना चिकटलेले असतात, आणि सतत चघळून चावण्याचा स्नायूही फुगलेला असतो. संत्र्याच्या हिशेबाने मोसंबी झालेली असते. धागा राहू द्या, आधी तिला तोंडाच्या तज्ज्ञाकडे, शासकीय दंत महाविद्यालयात पाठवा.

पेन हातात घ्या, पेशंटला बसवून

आडवं झाल्यावर गाल कानाकडे घसरतात आणि सगळी मापं खोटी पडतात. म्हणून खुणा करायच्या त्या पेशंट ताठ बसलेली असताना, समोर आरसा देऊन. मी दोन रंग वापरते. लाल रंगात जे टाळायचं ते. निळ्या रंगात धाग्याची वाट. लाल पूर्ण झाल्याशिवाय निळ्याला हात लावायचा नाही.

पहिली लाल रेघ: ट्रॅगसच्या अर्धा सेंटीमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटीमीटर वर जाणारी. ब्राझीलचे सर्जन इव्हो पितांगी यांनी १९६६ साली ही रेघ मांडली. भुवई उचलणारी फांदी साधारण हिच्या आसपास असते. गालाच्या कमानीवरून ओलांडताना ती हाडाला लागून जाते आणि वर तिच्यावर आच्छादन फार कमी असतं. कपाळ उचलणाऱ्या या फांदीला दुसऱ्या फांद्यांची जोड फारशी नसते, म्हणून इथली इजा भरून यायला कठीण. फक्त रेघ म्हणजे नर्व्ह नव्हे. तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा लाल समजा.

दुसरी खूण पेनने नव्हे, बोटाने सुरू करा. कानापुढे हलकेच बोट ठेवलं की ठोका लागतो. ती सुपरफिशियल टेम्पोरल धमनी. तिचा माग काढत कानशिलावर जा. एक फाटा कपाळाकडे वळतो, तो बहुतेकांत बोटाला लागतो, बारीक बायकांत डोळ्यांनाही दिसतो. ठोक्या-ठोक्यावर ठिपके द्या आणि जोडा. तुमचं छिद्र या रेघेपासून निदान एक सेंटीमीटर लांब असलं पाहिजे.

हे मी शिकले ते चुकून. सुरुवातीच्या वर्षांत, एका दुपारी, बोट न लावता, केसांच्या रेषेच्या आत 'नेहमीच्या जागी' सुई घातली. बाहेर काढली आणि रक्त ठिबकलं नाही, उडालं, माझ्या चष्म्यावर. मुलीच्या लग्नाला अकरा दिवस असलेली बाई होती. वीस मिनिटं मी तिच्या कानशिलावर दोन बोटं दाबून उभी होते, मधे एकदाही उचलून न बघता, कारण उचलून बघितलं की वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचेच हात थरथरून राहिले न." त्या दिवशी धागा टाकलाच नाही. लग्नात तिच्या कानशिलावर पिवळसर डाग होता, मेकअपखाली झाकला गेला. तेव्हापासून ठोका सापडल्याशिवाय माझ्या टेबलावर सुईचं टोपण निघत नाही.

तिसरी रेघ लाळेच्या नळीची. ट्रॅगसपासून वरच्या ओठ आणि नाकपुडी यांच्या मधल्या बिंदूपर्यंत रेघ ओढा; तिचा मधला तिसरा हिस्सा म्हणजे स्टेन्सनची नळी. ती वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. नळीच्या सोबत नर्व्हच्या फांद्याही असतात, त्यामुळे एकाच रेघेत दोन धोके.

चौथी जागा जबड्याच्या काठावर. पेशंटला दात घट्ट आवळायला सांगा. चावण्याचा स्नायू टणक होतो. त्याच्या पुढच्या कडेला, हाडाच्या काठावर बोट टेकवा, फेशियल धमनीचा ठोका लागेल. तिच्यामागे शीर आहे, आणि दोन्हींच्या वरून, म्हणजे त्वचेच्या बाजूने, खालचा ओठ ओढणारी मार्जिनल मँडिब्युलर फांदी ओलांडते. डिंगमन आणि ग्रॅब यांनी १९६२ साली चेहऱ्याच्या शंभर अर्ध्या भागांचा अभ्यास केला होता: धमनीच्या मागच्या भागात १९ मध्ये ही फांदी जबड्याच्या काठाखाली उतरलेली सापडली, जास्तीत जास्त एक सेंटीमीटरपर्यंत, धमनीच्या पुढे मात्र ती काठाच्या वरच होती. दर पाच अर्ध्या चेहऱ्यांत जवळजवळ एक. तेव्हा 'काठाच्या खाली गेलं की सुरक्षित' हे नर्व्हच्या बाबतीत विसरा. नवख्याने धागा जबड्याच्या काठापर्यंत न्यायचाच नाही, आधीच थांबवायचा.

फेशियल धमनी तिथून नागमोडी वर जाते, ओठाच्या कोपऱ्याच्या साधारण दीड सेंटीमीटर बाहेरून नाकाच्या कडेला. तिची खोली माणसागणिक बदलते. म्हणून निळी रेघ नाक-ओठाच्या घडीच्या एक सेंटीमीटर अलीकडे संपली पाहिजे. डोळ्याखालचं आणि हनुवटीजवळचं छिद्र, जिथून संवेदनेच्या नर्व्ह बाहेर येतात, त्यांवर फुली मारा. तुमच्या वाटेत ती येणार नाहीत, पण फुली दिसली की हात आपोआप दूर राहतो. कानशिलावर बाजूने उजेड टाकून पेशंटला थोडं वाकायला सांगा, निळसर शिरा दिसतील, त्याही लाल.

आता निळं पेन. कानशिलावरून जबड्याच्या लोंबत्या भागाकडे दोन किंवा तीन वाटा. पहिल्या दहा पेशंटमध्ये एवढंच करा. भुवई उचलणं, डोळा तिरपा करणं, मान, हे सध्या बाजूला ठेवा. इन्स्टाग्रामवरचा फोटो दाखवून डोळे 'तसे' करून मागणारी मुलगी येईलच. तिच्या मागणीच्या वाटेत पितांगीची लाल रेघ आडवी पडते, हे तिला आरशात दाखवा. बहुतेक जणी समजतात. न समजणाऱ्या दुसरीकडे जातात, जाऊ द्या.

लाल-निळ्या रेघांसह तीन बाजूंनी फोटो काढा. तो फाइलमध्ये राहतो.

भूल देण्याआधी भुवई उचलायला लावा

ही पायरी दोन मिनिटांची आणि सगळ्यात जास्त वेळा विसरली जाणारी. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि सांगा: भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, शिटी वाजवा, सगळे दात दाखवा, खालचे दात दाखवा. पुष्कळांचे चेहरे मुळातच थोडे वाकडे असतात, त्यांनाही ते माहीत नसतं. प्रक्रियेनंतर आरशात पहिल्यांदा नीट बघतात आणि "हे आधी नव्हतं" म्हणतात. पुन्हा, लिग्नोकेन हे भुलीचं औषध स्वतःच नर्व्हला काही तास झोपवू शकतं. आधीचा व्हिडिओ नसेल तर झोपलेली कोण आणि दुखावलेली कोण, हे तुम्हालाच कळणार नाही.

औषधाचा हिशेब कागदावर करा. साधं लिग्नोकेन किलोमागे साडेचार मिलिग्रॅम, ॲड्रेनलिनसह सात, आणि एकूण अनुक्रमे ३०० आणि ५०० च्या वर नाही. पन्नास किलोच्या बाईला ॲड्रेनलिनसह ३५० मिलिग्रॅम झाले. दोन टक्के द्रावणात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, म्हणजे साडेसतरा मिलिलिटर ही शेवटची हद्द. तिथे पोचायचं नाही. छिद्रापाशी थोडं आणि वाटेवर पातळ करून थोडं, एवढ्यात काम होतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं खरोखर थांबा, ॲड्रेनलिनला रक्तवाहिन्या आवळायला तेवढा वेळ हवा. गुंगीचं औषध देऊ नका. जागी असलेली पेशंट हाच तुमचा मॉनिटर.

कॅन्युला आणि डावा हात

बोथट टोकाची कॅन्युलाच वापरा. टोकदार सुईत भरलेले धागे स्वस्त मिळतात. स्वस्त आहेत म्हणून घेऊ नका.

छिद्र केलं की कॅन्युला त्वचेला काटकोनात धरून आत घाला. त्वचा ओलांडल्याचा एक बारीक 'टक्' हाताला जाणवतो. तिथून काही मिलिमीटर, आणि मग कॅन्युला आडवी. यापुढे सगळं काम डाव्या हाताचं आहे. डाव्या हाताच्या अंगठा आणि बोटांच्या चिमटीत कॅन्युलाच्या पुढची त्वचा-चरबी उचला, कणीक चिमटीत धरतो तशी. ही चिमूट म्हणजे पहिला आणि दुसरा थर. खालचे थर तिच्यात येत नाहीत. उजव्या हाताने कॅन्युला त्या चिमटीत सरकवा. दोन सेंटीमीटर गेली की चिमूट पुढे. पुन्हा दोन सेंटीमीटर. उजवा हात ढकलत नाही, डावा हात चेहरा कॅन्युलावर चढवत नेतो. उशीला अभ्रा घालताना आपण उशी कोंबत नाही, अभ्रा ओढून घेतो, तसं.

प्रत्येक टप्प्याला कॅन्युला किंचित उचलून बघा. त्वचा तंबूसारखी उचलली गेली आणि टोकाचा आकार स्पष्ट दिसला, छोटी खळी पडली, तर तुम्ही फार वर आहात. काहीच हललं नाही तर फार खाली. त्वचा सगळी मिळून, गोलसर उचलली गेली तर बरोबर.

कानशिलावर दुसऱ्या थरातच राहा. अनुभवी सर्जन तिथे खोल पडद्यात गाठ मारून धागा अडकवतात. तुम्ही ते त्यांच्या शेजारी उभे राहून शिका. कमानीवरून जाताना चिमूट सगळ्यात उंच हवी आणि वेग सगळ्यात कमी. कानापुढच्या भागात स्मॅस जाड आणि खाली पॅरोटिडची गादी असते, म्हणून तिथे हात सैल सुटतो. फसवणूक पुढे आहे. पॅरोटिडची पुढची कड संपली की नर्व्हच्या फांद्या ग्रंथीतून बाहेर येतात, पातळ पडद्याखाली जवळजवळ उघड्या. कडेच्या अलीकडे चार सेंटीमीटर सहज गेलेला हात कडेच्या पलीकडे त्याच जोरात जातो. तिथे थांबून पेशंटशी बोला.

काय बोलायचं? दात दाखवायला सांगायचं. आणि विचारायचं: दुखलं की झटका आला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "टोचून राहिलं" म्हणाली तर भूल थोडी कमी पडली. "दातात गेलं," "ओठापर्यंत करंट आला" म्हणाली, किंवा ओठ-पापणी फडफडली, तर कॅन्युला जागच्या जागी वळवू नका, सरळ मागे घ्या, आणि ती वाट सोडून द्या. रुग्ण 'नस' म्हणतात तेव्हा कधी त्यांना शीर म्हणायची असते, कधी नर्व्ह. तुम्ही मात्र दोन्हींत गल्लत करू नका.

शेवटच्या दोन सेंटीमीटरला हातमोजा बदलून एक बोट तोंडात घाला आणि गाल आतून चाचपा. जबड्याजवळ गाल पातळ असतो. टोक तोंडाच्या आतल्या त्वचेतून बाहेर डोकावलं असेल तर धागा तोंडातले जंतू घेऊनच बसेल. असा धागा ठेवायचा नाही, काढायचा. तोंडातला हातमोजा पुन्हा बदला. हे लिहायची गरज वाटली, कारण एकदा पाहिलं आहे.

कॅन्युला काढा, पेशंटला उठवून बसवा, मग धागा ओढा. आडव्या चेहऱ्यावर ओढलेला धागा बसल्यावर जास्त होतो. ओढताना गाल घट्ट दिसायला नको, जबड्याची रेघ साफ दिसली की बस. उरलेलं टोक त्वचा दाबून, ताणून, खोल कापा. बाहेर राहिलेलं एक मिलिमीटर टोक म्हणजे पंधरा दिवसांनी पू.

आणि पुन्हा व्हिडिओ. भुवया, डोळे, गाल, शिटी, दात.

बिघडलं तर

सूज आणि काळंनिळं होणं अपेक्षित आहे. बारीक खळ्या आठ-पंधरा दिवसांत बहुधा बसतात. पेशंटने त्या स्वतः चोळायच्या नाहीत.

डोळ्यांदेखत वाढणारी सूज म्हणजे आत रक्त साठतंय: वीस मिनिटं दाब, आणि वाढतच राहिली तर सर्जिकल मदत असलेल्या रुग्णालयात, स्वतः सोबत जाऊन.

भुवई उचलत नाही किंवा हसू वाकडं आहे, आणि भुलीचा असर उतरायची वेळ टळून गेली, तर 'दोन दिवस बघू' नको. त्या बाजूच्या वाटेचा फोटो समोर ठेवा, अनुभवी सर्जनला त्याच संध्याकाळी फोन करा. धागा काढायचा असेल तर ताजा असतानाच सोपा जातो. पापणी मिटत नसेल तर निर्णय होईपर्यंत डोळ्यात कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री टेप. बुबुळ कोरडं पडणं हे नर्व्हपेक्षा आधी नुकसान करतं.

जेवताना गाल फुगतो आणि नंतर उतरतो, अशी तक्रार आली की लाळेचा विचार करा. मी समोर कैरीच्या लोणच्याची बरणी उघडते. पाच मिनिटांत फुगवटा वाढला तर उत्तर मिळालं. सुईने काढलेल्या द्रवात ॲमिलेज, म्हणजे लाळेतलं पाचक द्रव्य, तपासून खात्री करा.

चार-सहा आठवड्यांनी वाटेवर न दुखणाऱ्या गाठी आल्या आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नसतील, तर गोळ्या बदलत बसू नका. नमुना काढून मायकोबॅक्टेरियाच्या, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जंतूंच्या, कल्चरसह पाठवा. उपकरणं नळाच्या पाण्यात धुऊन नुसत्या द्रावणात बुडवून ठेवणाऱ्या जागी हा जंतू हमखास भेटतो.

घरी जाताना

छापील सूचनांत 'दोन आठवडे चेहऱ्यावर दाब नको' असं असतं. नागपुरात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की आपल्याकडची प्रत्येक मुलगी स्कूटीवर बसण्याआधी दुपट्टा डोक्यावरून, गालांवरून दोन वेढे देऊन कानामागे खोचते. नेमकी धाग्याची वाट. वर हेल्मेटचा पट्टा जबड्याखाली. "दुपट्टा नाही बांधला तर तोंड जळून राहिलं न मॅडम," हे खरंच आहे. म्हणून दुपट्टा सोडा असं सांगत नाही. दोन आठवडे दुचाकी सोडा, ऑटोने किंवा मेट्रोने जा, छत्री घ्या. हे जमत नसेल तर तारीख जूनच्या पुढे ढकला. आपल्या सावळ्या कातडीवर छिद्राच्या जागी डागही उन्हातच पडतो.

उताणं झोपायचं, कुशीवर नाही, कूलर कुठल्याही बाजूला असो. तीन-चार आठवडे चेहऱ्याचा मसाज नाही, दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसणं नाही. पहिला आठवडा मऊ जेवण: तर्री पोहे चालतील, सावजीतलं हाड चघळणं नाही. खर्रा अर्थातच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन तुम्ही करायचा, तिने नव्हे, आणि 'कसं वाटतंय' न विचारता 'आरशासमोर दात दाखवून काय दिसतं' असं विचारायचं.

पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर दोन ठिकाणी चिकटवा: एक फाइलमध्ये, रेघांच्या फोटोशेजारी. दुसरं एका पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, त्यावर धाग्याचं द्रव्य, संख्या, छिद्रं कुठे, वाटा कुठून, तारीख, तुमचा मोबाइल नंबर. ते तिच्या पर्समध्ये राहू द्या. रात्री दोनला गाल सुजून ती मेयोच्या कॅज्युअल्टीत गेली, तर तिथल्या इंटर्नला आत काय आहे आणि कुठून कुठे गेलं आहे, हे त्या कार्डावरूनच कळणार आहे.